पानाला कळत नाय

काकीने मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा नाव विचारलं नाही, इयत्ता विचारली नाही. बाबा माझी वळकटी ओटीवर ठेवत होते. ती पाट्यापुढून उठली, हात पदराला पुसला, माझ्या गालावरून तळहात सावकाश फिरवत हनुवटीपाशी थांबवला आणि बाबांना म्हणाली, "वरकस हाय."

बाबा हसले. "डोंगरातली पोर, वैनी. वरकसच असायची."

आमच्याकडे भाताच्या खाचराला जमीन म्हणतात आणि डोंगरउताराच्या नाचणी-वरीच्या तुकड्याला वरकस. वरकस पाणी धरत नाही. चार वर्षं पिकवली की थकते, मग ओसाड टाकून द्यावी लागते. माझं तोंड तसलं आहे, एवढं मला कळलं. पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या वाडीतून मी हायस्कुलात शिकायला महाडला आले होते, आणि महाडने माझं असं स्वागत केलं.

काकी आमच्या नात्यातली नव्हती. तिचा नवरा आणि माझे बाबा मुंबईत गावकीच्या एकाच खोलीत राहिलेले, एकाच गोदीत ओझी वाहिलेले. त्या ओळखीवर तिने मला ठेवून घेतलं. आमच्या घराण्यात शाळेचा दरवाजा ओलांडलेली मी पहिली. मी पुढे बी. ए. झाले, शिक्षिका झाले, ते ज्यांच्या जिवावर, त्यांत आईबाबांनंतर काकीचं नाव येतं. ते नाव मी इथे लिहीत नाही. तिला ते आवडलं नसतं.

तिचा धंदा म्हणजे नवऱ्या मुली तयार करणं. आता मुली पार्लरात जातात. तेव्हा लग्न ठरलं की हळदीच्या आधी आठवडाभर मुलीचं अंग आणि तोंड उटण्याने तयार करायची पद्धत होती. हे काम घरच्या बायकाच करत. पण महाडच्या आणि आसपासच्या खात्यापित्या घरांतून काकीला बोलावणं यायचं. जवळच्या मुली तिच्याच घरी यायच्या. मी खिडकीशी पुस्तक घेऊन बसलेली असे आणि ती मुलीबरोबर आलेल्या बायकांना दटावत असे, "हळू बोला गो. पोर वाचते हाय. तुमच्या पोरीला नवरा मिळाला, हिला अजून इतिहास मिळायचा हाय."

तिच्या लेखी मुलींच्या कातड्या चार. तेलकट, सतत चमकणारी, पुटकुळ्यांची ती खाचर. "पाणी साचलेलं हाय. आधी बांध फोडायचा, मग बाकी." तिला मसुराचं पीठ आणि ताक. साय, तेल नावालाही नाही. कोरडी, ताणलेली, थंडीत उलणारी ती वरकस. तिला साय, तिळाचं वाटण, नारळाचं दूध, आणि मुख्य म्हणजे वेळ. "वरकसाला घाई केलीस का ती पापडते." तिसरी मळी, सावित्रीच्या काठच्या गाळाच्या जमिनीसारखी. अशी मुलगी आली की काकी थोडी नाराज व्हायची. "हिला माझी गरज नाय. नदी सगळं करून गेली हाय. चार दिवस तोंड धू आणि गप बस." चौथी कातळ: देवी येऊन गेलेली, व्रणांची. त्या काळी प्रत्येक वाडीत अशा एकदोघी असायच्याच.

अशी एक मुलगी आली होती, ती मला आठवते. ती मान वर करत नव्हती. तिची आई काकीला म्हणाली, "काय तरी करा गो. हळदीला सगळी सोयरी बघणार." काकीने त्या चेहऱ्यावरून दोन्ही तळहात फिरवले, आंधळं माणूस फिरवतं तसे. खूप वेळ. मग मुलीलाच म्हणाली, "कातळावर पण फुलं येतात बाय. माळभर येतात. पण ती श्रावणात, आणि श्रावणात लग्नं नसतात. मी काय करू?" आई रडायलाच लागली. मुलगी मात्र हसली. तिच्या आईने तिला हसताना पाहिलं त्याला बरेच दिवस झाले असावेत, कारण ती रडायची थांबून मुलीकडे बघतच राहिली. त्या मुलीवर काकीने सगळ्यांत जास्त मेहनत घेतली. व्रण गेले नाहीत. जाणारही नव्हते.

तिच्या तऱ्हा पुष्कळ होत्या. घरात आरसा नव्हता. "आरसा खोटं बोलतो असं नाय, पण लवकर बोलतो," असं तिचं म्हणणं. नव्या मुलीच्या तोंडाला ती पहिल्या दिवशी काहीही लावायची नाही. उटण्याचं एक बोट कानामागे लावून घरी पाठवायची. दुसऱ्या दिवशी कान वाकवून बघायची. आमच्या कोकणात कामाला लागण्याआधी देवाला कौल लावतात ना, तसा हा तिचा कौल. कानामागे लाली आली, खाज आली, की "कौल दिलान नाय" म्हणून ते वाटण ती सरळ उकिरड्यावर टाकायची आणि दुसरं वाटायला घ्यायची.

आठवडाभर मुलीने रडायचं नाही, हा दुसरा नियम. "मीठ उतरतं गालावर. माझी मेहनत खारवून जाते. रडायचं तर अक्षता पडल्यावर रड. तेव्हा तुझं कोण ऐकणार हाय?"

मुंबईकरांनी आणलेल्या, तोंडाला लावायच्या स्नोच्या बाटल्यांवर तिचा भारी राग. एकदा तिने मला विचारलं, "स्नो म्हंजे काय गो?" मी सांगितलं, बर्फ. दुसऱ्या दिवशी कोणाची तरी मामी बाटली घेऊन आली, तेव्हा काकी म्हणाली, "बर्फच लावायचा तर पोरीला आंबेनळी घाटानं महाबळेश्वरावर न्या. तिथं फुकट गारठेल."

ती लग्नाला मात्र कधीच थांबत नसे. हळदीची पहिली मूठ लागली की पिशवी उचलायची. ताट वाढलेलं असलं तरी नाही. "नांगरट माझी, पेरणी तुमची," एवढंच म्हणायची, आणि बायका तोंडाला पदर लावून हसायच्या.

तिच्या कपाळावर मोठं ठसठशीत कुंकू असायचं. ते कुंकू म्हणजे तिचा परवानाच होता. हळदीआधीच्या मुलीला हात लावायचा तो सवाष्णीनेच. विधवेची सावलीही त्या आठवड्यात मुलीवर पडू द्यायचे नाहीत. काकीचा नवरा मुंबईला गेलेला, गावकीची खोली सोडून दुसरीकडे कुठे राहायला गेलेला; मी तिच्याकडे आले तेव्हाच त्याचं येणं-जाणं बंद होऊन काही वर्षं झाली होती. लोक पाठीमागे बोलायचे. "असंल का गो तो?" असं तिच्या तोंडावर कोणी विचारलं नाही. त्या कुंकवाखेरीज तिच्यापाशी दुसरं काही नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. ना शेत, ना मूल.

मी अकरावीत, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकला असताना एकदा शाळेतून आले तर ओटीवर मुंबईहून आलेले बाबा. ना सण, ना सुट्टी. मी आनंदाने पुढे झाले. त्यांनी अभ्यासाचं विचारलं, पण लक्ष नव्हतं. काकी दारात उभी होती. निघताना ते म्हणाले, "येतो मग, वैनी." ती म्हणाली, "या. आणि भावजी, मुंबईची गोष्ट मुंबईत." मला वाटलं, काही देण्याघेण्याचं असेल.

त्या दिवसानंतर काकी उटणं पानाने लावू लागली.

केळीचं कोवळं, न उलगडलेलं पान ती आणायची, त्याची घडी करायची आणि त्या घडीने मुलीच्या तोंडाला उटणं लावायची. कोणी विचारलं तर म्हणे, "वाटून वाटून हात खरखरीत झाले गो. पोरींची तोंडं सोलतील." कारण पटण्यासारखं होतं. मलाही पटलं. जी बाई म्हणायची की कातडी डोळ्यांनी दिसत नाही, तळव्यालाच कळते, तिने तळवा का आवरला, हा प्रश्न मला पडला नाही. त्या वर्षी मला फक्त मॅट्रिकचे प्रश्न पडत होते.

काम बिघडायला लागलं. खाचर कोणती, वरकस कोणती, हे ती लांबून ठरवू लागली. कधी चुकायची. एका वरकस मुलीला ताकाचं लावलं गेलं आणि ऐन हळदीला तिचे गाल फुटले. त्या घरच्या म्हातारीने बाजारात सर्वांसमोर हात नाचवून सांगितलं, "हात गेला त्या बाईचा. पानानं तोंड सारवते, चूल सारवल्यासारखं." काकी भाजी घेत तिथेच उभी होती. तिने भाजी घेतली आणि घरी आली. "खरंच बोलली म्हातारी," ती मला म्हणाली. "पानाला कळत नाय."

मी पास झाले. पुढे पुण्याला कॉलेजात गेले, फीच्या सवलतीवर आणि बाबांच्या ओव्हरटाइमवर. निघताना मी रडले तर काकीने दटावलं, "मीठ!" आणि मग म्हणाली, "मी वरकस म्हटलं तेव्हा तुला राग आला होता. मला कळला होता. पण नाचणी वरकसातच होते बाय, आणि नाचणी खाणारा डोंगर चढतो. खाचराचा भात खाल्ला का झोप येते." असं काही तिने कधी कोणाला सांगितल्याचं मला आठवत नाही.

बी. ए. होऊन मी महाडच्याच शाळेत लागले आणि वर्षभरात लग्न ठरलं. मुलगा शिक्षक, माझ्याइतकाच शिकलेला, स्वभावाने गरीब. लग्न आमच्या वाडीत व्हायचं होतं. काकीला बोलवायचं, हे आईने न विचारताच गृहीत धरलं होतं. बोलावणं जाताच काकी एस. टी.ने पोलादपूरपर्यंत आणि तिथून चढण चालून संध्याकाळी पोहोचली. पिशवीत वाटणाचं सामान. केळीचं पान नव्हतं.

आईने तिच्या पायांवर पाणी घातलं. बाबा मांडवाचे वासे बांधत होते. "आलात, वैनी?" ते म्हणाले, पण म्हणताना वाशाकडेच पाहत होते. काकी जरा वेळ उभी राहिली. ते वळतील अशी तिची अपेक्षा असावी. बाबा सुंभाची गाठ सोडून पुन्हा बांधू लागले. जेवताना ते पंगतीला आले नाहीत. मला वाटलं, लग्नघरातला बाप, कामात असणार.

सकाळी उन्हं अंगणात उतरली आणि मला ओटीवर पाट मांडून बसवलं. भोवती आई, चुलती, वाडीतल्या दोघी-तिघी. काकी विहिरीवरून अंघोळ करून आली ती ओटीवर चढलीच नाही. अंगणाच्या कडेला गोठ्याच्या भिंतीशी उभी राहिली. तिचं कपाळ मोकळं होतं. कुंकवाच्या जागी चामडी पिवळट, कोवळी, कधी ऊन न लागलेली दिसत होती. गळ्यात काही नव्हतं.

"काकी, कुंकू पुसलं गो तुझं," मी म्हणाले. आम्ही मुली एकमेकींना सांगतो तसं सहज.

"पुसलं गेलं नाय. पुसलंय मी," ती म्हणाली. मग मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "माझा दादला गेला. कवाच गेला. मला ठाव होतं. दुसऱ्या कोणाला ठाव नव्हतं."

मांडवाच्या खांबाशी बाबा मटकन खाली बसले. "वैनी," एवढंच म्हणाले. तिने त्यांच्याकडे पाहिलं आणि पुन्हा म्हणाली, "कोणाला म्हंजे कोणाला ठाव नव्हतं."

चुलतीच्या तोंडचा विडा तसाच राहिला. "अगो बाय! म्हंजे इतकी वरसं तू आमच्या पोरींना… माझ्या धाकटीला तूच गो लावलंस!"

"पानानं लावलं. हात नाय लावला. कळल्या दिसापासून एकीला हात लावला नाय. तेवढं पाळलं मी."

"पान काय नि हात काय! माणूस तेच ना?"

काकीने दोन्ही हात पदराखाली घेतले. हा सवाल तिने स्वतःला किती वेळा केला असेल. मी पाटावरून उठून तिच्याकडे निघाले. म्हणाले, "काकी, मी हे काही मानत नाही. तू ये. तूच हात लाव."

"थांब तिथं." ती दोन पावलं मागे सरली, गोठ्याच्या भिंतीला टेकली. "तू मानत नाहीस, ते तुझ्या पुस्तकात. माझ्या हाताला कोण समजावणार?"

"मग पानाने लाव. इतक्या जणींना लावलंस."

"वरकसाला पान चालत नाय बाय. त्या पोरीचं काय झालं, बघितलं नाय? तुझी हळद मी बिघडू? आयशीला बसव पुढं. आणि बापसाला कोणतरी पाणी द्या."

मग आई माझ्यापुढे बसली आणि काकीने अंगणाच्या कडेवरून सांगायला सुरुवात केली. "आधी साय. नुसती साय. घासू नको गो, भांडं हाय काय ते? … खालून वर. हनुवटीपासून कानाकडं. … आता तीळ. थोडं. अजून थोडं. कपाळाला नाय, कपाळ तिचं लवकर सुकतं. … नाकाच्या बाजूला बोट, तळवा नाय. … लागतंय का हाताला? खरबरीत लागतंय? मग तिथं थांब, तिथं दूध." आईच्या हातांनी आयुष्यभर भात लावला होता, ते हात आता काकीच्या शब्दागणिक थांबत, पुढे सरकत होते. मी डोळे मिटून घेतले नाहीत. मला समोर काकी दिसत होती. ती सांगत होती आणि तिचे दोन्ही हात तिच्याही नकळत वर आलेले. हवेत माझ्या चेहऱ्याएवढी जागा धरून, खालून वर, खालून वर फिरत होते. मला रडू आलं. "मीठ!" ती तिथून ओरडली.

हळदीपर्यंत रोज ती तशीच उभी राहिली. हळदीची पहिली मूठ लागली आणि पिशवी उचलून चालती झाली.

बाबांनी सगळं मला लग्न पार पडल्यावर सांगितलं. त्या दिवशी महाडच्या ओटीवर तेच निरोप घेऊन गेले होते. काकीचा नवरा मुंबईत तापाने गेला होता. त्यांनाही ते उशिराच कळलं होतं. काकीने त्यांच्याकडून वचन घेतलं आणि ते त्यांनी पाळलं. "दुसऱ्यांच्या पोरींच्या वेळी मी गप्प बसलो," बाबा म्हणाले. "तिच्या पोटाचा प्रश्न होता. पण तुझ्या वेळी माझ्याच्यानं तिच्याकडं बघवेना. मी बोललो काय नाय गो. नुसतं बघितलं नाय."

ती तेवढ्यावरून समजली होती. कातडी वाचणारी बाई. तिला माणसाची पाठ वाचता येणार नाही?

त्यानंतर तिला कोणीही बोलावलं नाही. वाडीतली गोष्ट पोलादपुरात आणि पोलादपूरची महाडात जायला वेळ लागत नाही. ज्यांच्या घरी मुलीला मूल होत नव्हतं, ज्यांचा जावई दारू प्यायचा, ते सगळे काकीच्या नावाशी येऊन थांबले. ती लग्नांसाठी पत्रावळी लावू लागली. पानं टोचायची, बांबूच्या चोया घालायच्या. त्याला विटाळ नव्हता. मी महाडात राहत होते. तिला माझ्याकडे ये म्हटलं, तर म्हणाली, "नव्या संसारात नको." माझ्या घराचा उंबरा तिने ओलांडला नाही. मी तिच्याकडे जायचे, तेव्हाही ती हातभर लांब बसायची आणि बोलता बोलता हात पदराखाली घ्यायची. माझे यजमान तिला नमस्कार करायला वाकत, तेव्हा ती भिंतीकडे सरकत असे.

चौथ्या पावसाळ्यात माझे यजमान शाळेच्या कामासाठी खेडला गेले. परत येताना कशेडी घाटात दरड आली. त्याहून जास्त मला लिहिता येत नाही.

तेराव्यानंतर एका दुपारी काकी माझ्या दारात उभी राहिली. पाऊस नव्हता, नुसतं आभाळ भरून आलेलं. ती खूप वाळली होती. उंबऱ्याशी थबकली आणि माझ्या कपाळाकडे पाहत राहिली. मग उंबरा ओलांडून आत आली, पहिल्यांदाच, आणि माझ्यासमोर जमिनीवर बसली.

"मी हात लावला नव्हता गो तुला," ती म्हणाली. "आयशीला विचार तुझ्या. मी गोठ्यापाशी होते. सगळी बघत होती. मी हात लावला नव्हता."

"मला माहीत आहे, काकी."

"मग कसं झालं?"

मी शिकलेली होते. त्याचं उत्तर माझ्यापाशी असायला हवं होतं, असं तिच्या नजरेत होतं. ती आपल्या तळव्यांकडे पाहत बसली, उलटसुलट करून, जणू एखाद्या भांड्याला चीर गेली आहे का बघावी. मग तिने हात पदराला पुसला आणि माझ्या गालावर ठेवला. सावकाश खालून वर नेला, कपाळावर थांबवला. मी रडत होते. ती "मीठ" म्हणाली नाही. जमीन कुठली, तेही सांगितलं नाही.

तिचा तळहात मऊ होता. तो कधी खरखरीत झालाच नव्हता.